बुधवार कुठे गेला?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एकाच खिळ्याला चार वर्षांची कालनिर्णयं एकावर एक लटकलेली असतात. जुनी मी रद्दीत जाऊ देत नाही, कारण माझा सगळा हिशेब त्यांच्या चौकटींत आहे. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, कामाच्या ताईंचे खाडे, इस्त्रीला गेलेले कपडे. मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं मोबाईलमध्ये लिहिता येतं." येत असेल. पिठाच्या हातांनी मोबाईल कोण उघडणार?

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात त्या दाराशी स्टूल ओढून उभी होती. (तिचं खरं नाव लिहायचं नाही अशी तिच्या आईची ताकीद आहे, म्हणून इथे ती ठकी.) साडेपाच वर्षांची. बालदिनाला शाळेत जादूचे प्रयोग होणार होते, तो कुठल्या वारी येतो एवढंच तिला बघायचं होतं. गुरुवारी होता. मग तिने वरचं कालनिर्णय उचलून खालचं बघितलं, मग त्याच्या खालचं, मग सगळ्यात खालचं. मी गवार मोडत बसले होते.

"आजी, रविवार, सोमवार, मंगळवार, आणि मग गुरुवार. बुधवार कुठे गेला?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली वीसेक वर्षं चौथीच्या स्कॉलरशिपचा 'बुद्धिमत्ता चाचणी'चा तास माझ्याकडे होता. 'दिनदर्शिका' हे त्यातलं ठरलेलं प्रकरण. साध्या वर्षात तीच तारीख एक वार पुढे सरकते, मध्ये लीप वर्षाचा फेब्रुवारी आला तर दोन. हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. सांगायला तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात खालून वॉचमनचा इंटरकॉम वाजला, कुरिअरवाला आलाय म्हणून, आणि ते राहून गेलं.

पुढचे चार दिवस ठकीचा मुक्काम स्टुलावर. एका वर्षातला महिना काढायची, शेवटच्या तारखेवर बोट ठेवायची, दुसऱ्या वर्षातला तोच महिना काढायची. माझ्या दुधाच्या नोंदी तिच्या बोटांनी पुसट झाल्या. पाचव्या दिवशी अंगाला साबण लावलेला असताना बाथरूममधून ओरडली, "आजी, फेब्रुवारीत एक जास्तीचा शिरलाय! त्याने ढकललं सगळ्यांना!"

वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने हे स्वतःहून शोधून काढलेलं नव्हतं. काढणार कसं? मी त्यांना तेवढा वेळच कधी दिला नाही. पहिल्याच तासाला नियम सांगून टाकायचे.

पुढच्या जूनमध्ये ठकी पहिलीत गेली आणि ऑगस्टमध्ये शाळेतून बोलावणं आलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, नाव सांगायचं कारण नाही. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून सुनेबरोबर मी गेले. वर्गशिक्षिका तरुण, चेहरा दमलेला. तिने वही पुढे सरकवली. बेरजांचं पान होतं, वीस गणितं. तीन सोडवलेली, तिन्ही बरोबर, आणि उरलेल्या पानभर एक मांजर पसरलेलं. फळ्यावरचं उतरवून घेणं अर्धवट. अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेले. वर्गात मध्येच बोलते, झालेलं परत करायला सांगितलं की रुसते, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसते. मग समुपदेशक मॅडम आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "एकदा असेसमेंट करून घ्या. म्हणजे काही इश्यू असेल तर लवकर कळेल."

त्या शिक्षिकेवर मी रागावणार नाही. तिच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, माझ्या वर्गात एके वर्षी बासष्ट होती. बासष्ट मुलांत खिडकीबाहेर बघणारं मूल म्हणजे त्रास न देणारं मूल, एवढंच कळतं.

पण 'असेसमेंट' हा शब्द रिक्षातून घरी येईपर्यंत चांगलाच सुजला. आपल्याकडे तो काहीतरी कमी असल्याशिवाय कानावर पडत नाही. माझी भाची न्यू जर्सीत आहे. तिच्या मुलाच्या शाळेने अख्ख्या वर्गाची चाचणी घेतली आणि घरी पत्र पाठवलं, तुमचा मुलगा जास्त वेगाने शिकणाऱ्या मुलांच्या गटात बसतो म्हणून. भाचीने ते पत्र आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं, वर पेढ्यांचं चित्र. आमच्या घरात मात्र त्या रात्री मीनल, माझी सून, एक वाजेपर्यंत मोबाईलवर मुलांच्या अवधानाच्या विकारांबद्दल वाचत बसली. मुलगा "मीपण लहानपणी असाच होतो" म्हणून कूस बदलून झोपला. सांगलीहून मोठ्या बहिणीचा फोन आला. तिला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मानसशास्त्रज्ञ शोधताय? ठाण्यात राहून?" मनोरुग्णालय १९०१ पासून आमच्या गावात आहे, आणि तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्राने ठाण्याच्या नावावर हा एकच विनोद केलेला आहे. मी हसले नाही, तर तिने तो परत सांगितला.

गणपती झाल्यावरची वेळ मिळाली. नौपाड्यातली एक गल्ली, खाली पिको-फॉलचं दुकान, वर मानसशास्त्रज्ञ बाईंची खोली. फोनवर त्यांनी बजावलं होतं की मुलीची झोप झालेली हवी, पोट भरलेलं हवं, आणि काहीही तयारी करून घ्यायची नाही.

आता माझा गुन्हा सांगते. आदल्या रात्री मीनल स्वयंपाकघरात होती तेव्हा मी माळ्यावरून जुनं स्कॉलरशिपचं गाईड काढलं. सवय वाईट. वीस वर्षं ज्या हातांनी मुलं घासली, ते हात गप्प बसेनात. 'गटात न बसणारे पद ओळखा' हे पान उघडलं. बस, ट्रक, रिक्षा, सायकल.

"रिक्षा," ठकी म्हणाली.

"चूक," मी म्हटलं. उत्तर सायकल, कारण तिला इंजिन नाही. गाईडच्या शेवटी तसं छापलेलंच होतं.

"पण आजी, रिक्षाला तीन चाकं आहेत. बाकी सगळ्यांची चाकं जोडी-जोडीने येतात, रिक्षाचं एक एकटं राहतं."

मी त्या पानाकडे बघत राहिले. या 'चूक'वर वीस वर्षांत मी किती मुलांचा अर्धा-अर्धा गुण कापला असेल, याचा हिशेब कुठल्याच कालनिर्णयात नाही. तेवढ्यात मीनल दारात आली. ती मला कधी मोठ्याने बोलत नाही. "आई, हे नको," एवढंच म्हणाली आणि गाईड उचलून घेऊन गेली.

तिचं बरोबर होतं. नंतर बाईंनी मला समजावलं की ही चाचणी मुलाने कधी न पाहिलेल्या गोष्टीशी ते कसं झुंजतं हे बघते. आधी घोटून नेलं तर ताप नसताना तापमापक चहात बुडवून दाखवल्यासारखं होतं. म्हणूनच तीच चाचणी लगेच परत घेत नाहीत, आणि म्हणूनच ठकीला आत काय विचारलं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची एक पेटी होती, चित्रांची चोपडी होती, आकडे ऐकून उलटे म्हणायचे होते, आणि घड्याळ लावून भराभर खुणा करायच्या होत्या. साधारण दीड तास. आईवडिलांनी बाहेर बसायचं. आजीनेसुद्धा.

बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, खालून शिलाई मशीनचा आवाज. बसल्या बसल्या मला डी.एड.चा पेपर आठवला. 'टीपा लिहा : बुद्ध्यांक. गुण ५.' मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले शंभर. सहा वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलासारखी उत्तरं देत असेल तर त्याचा बुद्ध्यांक १३३. पाचपैकी साडेचार मिळाले होते. ही टीप मी पाठ केली होती, पण कुणाची आहे, कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं. ते आता निवृत्तीत वाचलं.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने नावाच्या माणसाने १९०५ साली सिमोन या सहकाऱ्याबरोबर पहिली चाचणी तयार केली. सरकारला हवं होतं ते एवढंच की वर्गात मागे पडणारी, जादा मदतीची गरज असलेली मुलं शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता कशी ओळखायची. हुशार मुलं निवडण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. बुद्धी ही कायमची ठरलेली रक्कम आहे असं मानायला बिने तयार नव्हता. १९११ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तो भागाकार सुचवला. शंभराने गुणायचं अमेरिकेतल्या टर्मनने रूढ केलं. मग १९३० च्या दशकात धारवाडच्या डॉ. कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. म्हणजे आपल्या मराठी मुलांसाठी नव्वदएक वर्षांपूर्वी ही मोजपट्टी तयार झालेली होती, आणि मी शिक्षिका असून ते नाव निवृत्त झाल्यावर ऐकलं. आमच्या शाळेत 'बुद्धिमत्ता चाचणी' म्हणजे गाईड.

टर्मनची गोष्ट वाचताना मात्र मला ठसका लागला. त्याने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीडेक हजार अतिहुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. निवड करताना आधी शिक्षकांना विचारलं, तुमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलं कोणती? त्यांनी नावं द्यायची, मग त्या मुलांची चाचणी. तेव्हाची दोन कॅलिफोर्नियातली मुलं, विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ, त्या निवडीत बसली नाहीत. शॉक्लीला १९५६ मध्ये आणि अल्वारेझला १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्या दीड हजारांपैकी ते कुणालाच मिळालं नाही.

आधी शिक्षकांना विचारलं. मीही तेच करायचे, फक्त मीच मला विचारायचे. सहामाहीच्या गुणांवरून पहिली वीस मुलं स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसवायची, बाकीच्यांनी घरी जायचं. एका वर्षी एक मुलगा होता, त्याला दत्तू म्हणू या. वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात. वही कधी पूर्ण नाही, शाईचे डाग, सहामाहीत जेमतेम पास. मी प्रश्न विचारला की हात वर न करता उत्तर देऊन मोकळा व्हायचा, मग बाकीच्यांचा विचार तिथेच थांबायचा. म्हणून मी त्याला वर्गाबाहेर उभा करायचे. आठवड्यातून तीन-चारदा तरी. तिथूनही तो उत्तरं द्यायचा, दाराच्या फटीतून. मी दार ओढून घेतलं.

वीसांत त्याचा नंबर नव्हता. पुढे कारखाना बंद पडला, कुटुंब गावी गेलं. अशा लेखांत शेवटी तो मुलगा मोठा होऊन कुठेतरी भेटतो आणि बाईंच्या पाया पडतो. मला दत्तू भेटलेला नाही.

तर आतलं दार उघडलं आणि ठकी बाहेर आली, म्हणाली, "मला शू लागलीय." नेऊन आणलं. वीस मिनिटांनी परत बाहेर. परत शू. नंतर तिसऱ्यांदा. मी मनात म्हटलं, पोरगी घाबरलीय. काम संपल्यावर तिला तलावपाळीवर नेलं, भेळ दिली. मासुंदा तलावाच्या कठड्यावर कबुतरं बसली होती, ती मोजत बसली. कसं झालं विचारलं तर म्हणाली, "ताई छान आहेत. चुकलं तरी त्यांचा चेहरा बदलत नाही."

हे वाक्य मला भेळेतल्या मिरचीसारखं नंतर लागलं.

आठवड्याने अहवाल घ्यायला गेलो, या वेळी मुलगाही आला. मी वही घेऊन गेले होते, आकडा लिहून घ्यायला. खोटं कशाला बोलू, मला आकडाच हवा होता. बाईंनी आकड्याच्या आधी एक कागद घेतला आणि पाच खांब काढले. शब्द समजणं आणि वापरणं हा एक. आकृत्या मनात फिरवणं दुसरा. न पाहिलेल्या गोष्टीतली संगती ओळखणं तिसरा. ऐकलेलं थोडा वेळ धरून ठेवून त्यावर काम करणं चौथा. आणि सोपी कामं हाताने भराभर उरकणं पाचवा. चार खांब कागदाच्या वरच्या टोकाला टेकलेले, तिसरा तर त्याहून वर. पाचवा मधोमध, चारचौघांसारखा.

"म्हणजे डोकं फास्ट लोकल," मुलगा म्हणाला, "आणि हात घोडबंदर रोडवरचा ट्रॅफिक."

बाई हसल्या, पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. पाचवा खांब बुटका नाहीये, तिच्या वयाला शोभेल असाच आहे. पण बाकीच्या चारांशी त्याचा मेळ बसत नाही. तिला उत्तर दिसतं आणि ते कागदावर उतरेपर्यंत ती कंटाळून पुढे निघून जाते. वर्गात जे दिसतं ते फक्त कागदावर उतरलेलं. खांबांत इतकं अंतर असलं की पाचांची मिळून एक सरासरी काढणं म्हणजे डोकं गॅसवर आणि पाय बर्फात असलेल्या माणसाचं तापमान ठीक आहे असं सांगणं. अवधानाच्या विकाराचं काही लक्षण त्यांना दिसलं नाही. उलट कठीण गोष्ट समोर आली की ती खुर्चीच्या टोकावर येऊन बसायची.

आणि त्याच्याही पुढची, तिला जमणार नाही अशी गोष्ट आली की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून म्हणायची, "मला शू लागलीय."

तिन्ही वेळा तसंच. बाईंनी वेळेसकट टिपून ठेवलं होतं. "घरी तिला काय म्हणता तुम्ही?" त्यांनी विचारलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. काय म्हणणार? हुशार गं माझी बाय ती. बुद्धीची देवता. आमच्या घरात ठकीने हुशार असणं हे वरणाला हिंग असण्याइतकं गृहीत धरलेलं. बाईंनी १९९८ सालचा एक प्रयोग सांगितला, म्युलर आणि ड्वेक या दोघींचा, पाचवीच्या मुलांवरचा. सोपी कोडी सुटल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू खूप मेहनत घेतलीस. मग पुढची कोडी निवडायला सांगितली. हुशार म्हटलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी सोपी निवडली. हुशारी टिकवायची तर चुकून कसं चालेल?

शेवटी आकडा सांगितला. सांगताना एकच आकडा दिला नाही, या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, असं म्हणाल्या. शंभर म्हणजे बरोबर मध्यावर आणि शंभरातली दोनेक मुलं १३० च्या पुढे, अशी ती मोजपट्टी बसवलेली असते. आमची ठकी कुठे, ते मी सांगणार नाही. सोसायटीच्या बाकावर मला रोज कुणीतरी विचारतं आणि मी गुडघेदुखीचा विषय काढते. एक मात्र विचारणाऱ्यांना सांगते, कारण ते मला माहीत नव्हतं. कुणी आपल्या मुलाचा आकडा सांगितला तर कुठल्या चाचणीवरचा, आणि तिचे निकष कुठल्या सालचे, हे विचारा. जेम्स फ्लिन नावाच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की बऱ्याच देशांत दर दहा वर्षांनी सरासरी गुण तीनेकाने चढत गेले. म्हणजे जुनी मोजपट्टी लावली की आजचं साधं मूलही आपोआप उंच दिसतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या निकषांवर काढलेला आकडा घेऊन पेढे वाटण्यात अर्थ नाही. आणि सहा वर्षांच्या मुलाचा आकडा तसाही पक्का नसतो, तीनेक वर्षांनी परत बघू, असं बाईंनी लिहूनच दिलं.

मग प्रश्न उरला, याचं करायचं काय. नणंद म्हणाली, पुण्याला प्रबोधिनीत घाला. ज्ञान प्रबोधिनी आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये काढली, बुद्धिमान मुलांसाठीची प्रशाला १९६९ मध्ये. नाव मोठं आणि काम मोठं, पण तिथला प्रवेश पाचवीपासून. शेजारचे काका म्हणाले, होमी भाभा बालवैज्ञानिक. ती परीक्षा सहावी आणि नववीला. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ऑलिंपियाडच्या तयारीची शिबिरं तिथे होतात, पण ती मोठ्या मुलांची. स्कॉलरशिपचं तर मीच सांगायला नको. आपल्याकडे दहा वर्षांच्या आत कुणी हुशार असू नये असा नियमच असावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना आधार देण्याबद्दल परिच्छेद आहेत. मी ते छापून घेऊन शाळेत गेले होते. पिशवीतून काढलेच नाहीत.

कारण मुख्याध्यापिकांनी आधीच सांगितलं, आमच्याकडे असा काही प्रोग्रॅम नाही. खरं होतं ते. पण ती दमलेल्या चेहऱ्याची वर्गशिक्षिका अहवाल दोनदा वाचून म्हणाली, "मी एक करून बघते." तिने ठकीला सांगितलं की पानावरची शेवटची पाच, म्हणजे सगळ्यात अवघड गणितं आधी सोडव. पाचही बरोबर आली तर आधीची पंधरा माफ, आणि उरलेला वेळ गोष्टीचं पुस्तक. नंतर मांजर काढलेलं चालेल. पहिल्या आठवड्यात ठकीची दोन चुकली आणि तिला पंधराही करावी लागली. घरी येऊन दप्तर फेकलं. दुसऱ्या आठवड्यात पाच आली. बाकी वर्गातलं मध्येच बोलणं अजून चालू आहे. शिक्षिकेने त्यासाठी तिला एक छोटी वही दिलीय, उत्तर आलं की त्यात लिहायचं आणि गप्प बसायचं. ती वही मी बघते तेव्हा मला दाराची फट दिसते.

बाईंनी हातासाठी व्यायाम लिहून दिले होते. चिकणमाती मळा, कपड्यांचे चिमटे लावा, कात्री चालवा. मीनलने रंगीत मातीचे डबे मागवले. मी म्हटलं, घरात ज्वारीचं पीठ असताना माती कशाला? रविवारी सकाळी ठकीला ओट्यापाशी स्टुलावर उभं केलं, त्याच स्टुलावर. उकळतं पाणी मी घातलं, मळलं तिने. भाकरी ही गोष्ट डोक्याने येत नाही. मी थापते ते तिने नीट बघितलं, बोटं कुठे, तळवा कुठे, परात कशी फिरते, सगळं बरोब्बर सांगितलं. आणि स्वतः थापायला घेतली तर चौथ्या थापेला भाकरी कडेने फाटली. पीठ गोळा करून परत. परत फाटली. तिसऱ्यांदा तर उचलताना मधोमध भोक पडलं आणि त्यातून तिचा अंगठा बाहेर आला.

दोन्ही हात फ्रॉकला पुसून ती म्हणाली, "आजी, मला शू लागलीय."

"जाऊन ये," मी म्हटलं. "पीठ झाकून ठेवते."

जरा वेळ लागला तिला. मी तवा बारीक करून उभी राहिले. जिभेच्या टोकावर 'असू दे गं, मी करते' आलेलं होतं, ते गिळलं. एकदाचा फ्लशचा आवाज आला, मग हात धुतल्याचा. परत येऊन स्टुलावर चढली. त्या दिवशीची भाकरी भारताच्या नकाशासारखीसुद्धा झाली नाही, पण तव्यावर गेली. मुलाने लोण्याबरोबर खाल्ली आणि "छान" म्हणायच्या ऐवजी, ठरल्याप्रमाणे, "किती वेळा थापलीस?" असं विचारलं. "सात," ती म्हणाली. तोंड फुगवून, पण म्हणाली.

डिसेंबरात नवीन कालनिर्णय आलं. दारामागे लटकवण्याआधी ठकीने ते माझ्याकडून मागून घेतलं आणि पलंगाखाली जाऊन बसली. बालदिन शनिवारी येणार हे तिला माहीतच होतं, फक्त तपासून बघितलं. मग जुन्या २०२२ च्या एका पानाच्या मागे, माझ्या इस्त्रीच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने काहीतरी लिहीत बसली. रात्री सगळे झोपल्यावर दुधाचा आकडा टाकायला गेले तेव्हा ते पान दिसलं. ज्या ज्या वर्षी बालदिन दोन वार उडी मारणार त्यांची यादी. २०२८, २०३२, २०३६, अशी खाली खाली, वाकडी होत गेलेली, पान संपलं तशी कडेने वर चढलेली, आणि सगळ्यात शेवटी, चौकटीत घातलेलं, २१००.

शतकाचं वर्ष चारशेने भागलं जात नसेल तर ते लीप नसतं. २१०० च्या फेब्रुवारीत अठ्ठावीसच दिवस असणार. ओट्यावर माझी लाल पेन्सिल पडलेली होती. ती उचलली, त्या चौकटीपर्यंत नेली, आणि परत दुधाच्या रकान्यात आणून 'दीड लिटर' लिहिलं.

सकाळी तिने मला विचारलं, "आजी, बघितलीस यादी?"

"बघितली," मी म्हटलं. "किती वेळ लागला गं?"